गोळ्याला तेल नको!

सायकलच्या आसाला तेल घालायचे आणि ब्रेकच्या रबराला घालायचे नाही, हे शाळकरी मुलालाही सांगावे लागत नाही. एका ठिकाणी घर्षण नको असते, दुसऱ्या ठिकाणी त्याच्यावाचून भागत नाही. सायकलवर ही दोन ठिकाणे हातभर अंतरावर असल्यामुळे घोटाळा सहसा होत नाही. पण समजा, ही दोन्ही ठिकाणे एकाच दांड्यावर, बोटभर अंतरावर, एका बंद डब्यात आली तर? तेलाचा थेंब थोडा पसरला, की आस मोकळा होईल आणि त्याच वेळी पकड सुटेल.

नाणे टाकून खेळायच्या व्हिडिओ खेळांच्या यंत्रातला ट्रॅकबॉल ही नेमकी अशी वस्तू आहे. पुरुषभर उंचीचे लाकडी कपाट, त्यात पडदा, पडद्याखाली उतरती फळी आणि फळीतल्या गोल भोकातून डोकावणारा मोठ्या चेंडूएवढा गुळगुळीत गोळा. तळहाताने गोळा ज्या दिशेला फिरवावा, त्या दिशेला पडद्यावरची खूण सरकते. गोळा जड चालू लागला की यंत्राचा मालक डब्यात तेल फवारतो. दोन दिवस बरे वाटते. मग पूर्वीपेक्षा वाईट. असे का होते, हे समजून घेण्यात यंत्रशास्त्राचा एक चांगला धडा दडलेला आहे, आणि तो अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांना पेलण्याजोगा आहे.

आधी थोडा इतिहास. गोळा फिरवून पडद्यावर खूण हलवण्याची कल्पना खेळासाठी निघालेली नाही. ब्रिटिश नौदलाच्या रडार-पडद्यासाठी राल्फ बेंजामिन यांनी १९४६ साली असे साधन तयार केले. त्यांच्या नमुन्यात धातूचा गोळा रबर चढवलेल्या दोन चाकांवर टेकत असे. रबर कशासाठी, हे वाचकांच्या लक्षात आलेच असेल. कॅनडाच्या नौदलासाठी १९५२ साली बनवलेल्या ‘डेटार’ यंत्रणेत तर ‘फाइव्ह-पिन बोलिंग’ या तिथल्या खेळाचा चेंडूच बसवला होता. खेळाच्या यंत्रांत ट्रॅकबॉल गाजवला तो अमेरिकेतल्या अटारी कंपनीने: १९७८ चा ‘फुटबॉल’, १९८० चा ‘मिसाइल कमांड’, १९८१ चा ‘सेंटिपीड’. ‘फुटबॉल’मध्ये गोळा जितका जोरात फिरवावा तितका पडद्यावरचा खेळाडू जोरात धावे, त्यामुळे खेळणाऱ्यांच्या तळहातांना फोड येत. पुढे १९८९ पासून ‘गोल्डन टी’ हा गोल्फचा खेळ अमेरिकेतल्या बारमध्ये पसरला. त्यातही गोळा मागे ओढून पुढे जोरात ढकलायचा असतो. ही जुनी यंत्रे हौशी मंडळी आज दुरुस्त करून चालवतात. बहुतेकांपुढचा पहिला प्रश्न हाच असतो, की गोळा अडतो, काय करू?

तीन टेकू

डबा उघडून पाहू या. गोळा काढला की खाली तीन आधार दिसतात. त्यांपैकी दोन म्हणजे धातूचे बारीक रूळ, एकमेकांशी काटकोनात ठेवलेले. एक रूळ गोळ्याची डावी-उजवी हालचाल पकडतो, दुसरा पुढची-मागची. दोन्हींच्या टोकाला खाचांची एकेक चकती असते. तिसरा आधार या दोघांच्या समोरच्या कोपऱ्यात, तिरका बसवलेला असतो. तो काहीच मोजत नाही, गोळ्याला फक्त टेकू देतो. प्रत्येक आधाराच्या दोन टोकांना दोन, अशी एकंदर सहा लहान बॉल बेअरिंगे बहुतेक डब्यांत असतात.

तिसऱ्या आधाराबद्दल एक गंमत सांगतो. तो मोजत नाही म्हणून दुरुस्त करणारा त्याच्याकडे फारसे पाहत नाही. पण गोळ्याचे वजन तिघांत सारखे वाटले जात नाही. वरून पाहिले तर दोन रूळ गोळ्याला काटकोनातल्या दोन दिशांनी ढकलतात. त्या दोन आडव्या बलांची बेरीज कर्णाच्या दिशेने, म्हणजे एकाच्या √२ पट होते, आणि ती एकट्या तिसऱ्या आधाराला तोलावी लागते. तिन्ही ठिकाणी गोळा सारख्याच खोलीवर टेकत असेल, तर भाराची वाटणी १ : १ : १·४१ अशी होते. म्हणजे वजनाचा सुमारे ४१ टक्के वाटा त्या दुर्लक्षित टेकूवर, आणि २९-२९ टक्के दोन रुळांवर. बलांच्या समांतरभुज चौकोनाचे इतके सरळ उदाहरण पाठ्यपुस्तकात क्वचितच सापडते. विद्यार्थ्यांना ते स्वतः काढू द्यावे.

घरंगळणे आणि घसरणे

गोळा रुळाला फिरवतो तो केवळ घर्षणाने. दात नाहीत, पट्टा नाही. ही पकड किती असते, त्याचा अंदाज करू. तीन इंची, म्हणजे सुमारे ७६ मि.मी. व्यासाच्या गोळ्याचे वजन ३५० ग्रॅम धरू. गोळा आपल्या मध्यापासून ४५ अंश खाली रुळाला टेकतो असे मानले, तर प्रत्येक मोजणाऱ्या रुळावर लंबदिशेने सुमारे १४५ ग्रॅम भार येतो. घर्षणगुणांक ०·२ घेतला, तर रुळाच्या कडेला गोळा जास्तीत जास्त २९ ग्रॅम भाराइतक्या बलाने ओढू शकतो. खिशातली चार-पाच नाणी तळहातावर ठेवली की जेवढे वजन जाणवेल, तेवढेच. तळहात दाबून गोळा फिरवला की पकड वाढते. हात उचलला आणि गोळा आपल्या वेगाने फिरू लागला, की पुन्हा एवढीच उरते. रुळाच्या बेअरिंगला फिरायला यापेक्षा जास्त बल लागले, तर गोळा फिरेल, रूळ मात्र जागचा हलणार नाही.

पण खरी मेख पुढेच आहे. वर्गातला पृथ्वीगोल घ्या आणि आडवा धरा, म्हणजे त्याचे दोन ध्रुव तुमच्या डाव्या-उजव्या हाताला येतील. आता तो आपल्या आसाभोवती पुढे-मागे फिरवा. गोळा पुढे-मागे फिरवला की हेच घडते. या हालचालीत एका रुळावर गोळा छान घरंगळतो. दुसरा रूळ डाव्या बाजूला आहे, त्याचे काय? तो नेमका ध्रुवावर टेकला असता तर काही बिघडले नसते, कारण ध्रुवाचा बिंदू जागच्या जागी फक्त गिरकी घेतो. पण या रुळाला गोळ्याचे वजनही पेलायचे आहे, म्हणून तो ध्रुवाच्या खाली, ४५ अक्षांशाच्या आसपास टेकतो. तिथला पृष्ठभाग मात्र चांगलाच पळत असतो. विषुववृत्ताच्या वेगाच्या सुमारे ७० टक्के वेगाने. आणि पळतो कुठल्या दिशेला? त्या रुळाच्या लांबीच्या दिशेला. त्या दिशेला रूळ फिरूच शकत नाही. म्हणून गोळा त्याच्यावरून घसरतो.

म्हणजे ट्रॅकबॉल सरळ रेषेत फिरवला, तर तो एका रुळावर घरंगळतो आणि त्याच क्षणी दुसऱ्यावर घसरतो. तिरक्या टेकूवर तर दोन्ही एकदम चालू असते. मळ खरवडला जाणे, जुन्या रुळांवर खाच पडणे यांचे मूळ या घसरण्यात आहे.

आता बोटात अडकलेली अंगठी आठवा. सरळ ओढली तर निघत नाही. गोल फिरवत ओढली की सहज सुटते. गतीतल्या घर्षणाचा नियमच असा, की ते घसरण्याच्या दिशेच्या उलट काम करते. घसरणे एका दिशेने चालू झाले की घर्षणाचा बहुतेक सगळा जोर तिकडेच खर्च होतो आणि आडव्या दिशेची पकड ढिली पडते. ट्रॅकबॉलमध्ये याचा परिणाम असा होतो: खेळाडू गोळा डावीकडून उजवीकडे नेत आहे आणि त्याने हालचालीला फक्त १० अंशांचा तिरकसपणा दिला. पुढे-मागे मोजणारा रूळ तोवर स्थिर आहे आणि गोळा त्याच्यावरून लांबीच्या दिशेने घसरत आहे. सदिशांचे गणित मांडले, तर त्या रुळाला फिरवण्यासाठी उपलब्ध घर्षणाचा जेमतेम पाव हिस्सा वाट्याला येतो. मघाचे २९ ग्रॅम आता ७ ग्रॅम झाले. बेअरिंग ७ ग्रॅमच्या ओढीने फिरत नसेल, तर तो तिरकसपणा पडद्यावर उमटणारच नाही. खूण नाकासमोर सरळ जाईल.

‘सेंटिपीड’ खेळणाऱ्याला हे फार जाणवते. पडद्याच्या तळाशी डावी-उजवीकडे धावता धावता किंचित वर सरकून कोळ्याला चुकवायचे, हाच त्या खेळाचा जीव. गोळा सरळ फिरवून पाहिला तर अगदी ठीक वाटतो, पण खेळताना अंगठ्याएवढी चुकवणी जमत नाही, अशी तक्रार आली तर ती कुरकुर समजू नये. बेअरिंग थोडेसेच जड झाले आहे, एवढाच त्याचा अर्थ.

मळाची कडी

रुळावर गोळा टेकतो तो जवळजवळ एका बिंदूत. त्यामुळे रूळ फिरताना सगळा मळ एका अरुंद पट्ट्यात साठतो आणि तिथे काळी, कडक कडी तयार होते. तळहाताचा घाम आणि तेलकटपणा, त्वचेचे सूक्ष्म कण, धूळ, खाद्यपदार्थांचा चिकटा, पूर्वीच्या काळी सिगारेटचा धूर, असा हा मसाला. गोळ्याच्या दाबाने तो इतका घट्ट बसतो की तो रुळाचाच भाग वाटावा.

ही कडी दोन प्रकारे त्रास देते. ती सारख्या जाडीची नसते, म्हणून गोळा खडबडत चालतो, हे उघड आहे. दुसरा परिणाम मोजमापाचा. रुळाचा व्यास १० मि.मी. धरला, तर ७६ मि.मी. च्या गोळ्याच्या एका फेऱ्यात रूळ ७·६ फेरे घेतो. त्यावर पाव मि.मी. जाडीची कडी चढली की व्यास १०·५ मि.मी. होतो आणि फेरे ७·२ वर येतात. गोळा तितकाच फिरला, खूण मात्र पाच टक्के कमी सरकली. दोन रुळांवर मळ कमी-जास्त असेल, तर हाताने वर्तुळ काढले तरी पडद्यावर ते किंचित चपटे येईल.

ज्यांनी १९९० च्या दशकात शाळेच्या संगणक-खोलीत काम केले आहे, त्यांना हे सगळे ओळखीचे वाटेल. त्या वेळच्या माऊसचे पोट उघडून, रबरी चेंडू बाहेर काढून, आतल्या रुळांवरची काळी कडी नखाने खरवडणे हा नित्याचा उद्योग होता. तो माऊस म्हणजे उलटा धरलेला ट्रॅकबॉलच. फरक एवढा, की माऊसचे वजन चेंडूवर येत नाही, त्यामुळे त्याचे रूळ चेंडूच्या बाजूला, जवळजवळ ध्रुवावर टेकवता येतात आणि मघाशी पाहिलेले लांबीच्या दिशेचे घसरणे जवळजवळ टळते. अशा जुन्या माऊसचा चेंडू आणि रूळ अडगळीतून मिळाले तर जपून ठेवावेत. या लेखातले निम्मे प्रयोग त्यांच्यावर करता येतील.

कोणते तेल, कुठे

आता फवाऱ्याची गोष्ट. डब्यात वरून तेल फवारले की ते बेअरिंगमध्ये थोडे आणि गोळ्यावर व रुळांवर भरपूर जाते. गोळा लगेच हलका फिरू लागतो, म्हणून मालक खूश. पण तो हलका झाला तो घसरू लागल्यामुळे! घर्षणगुणांक निम्मा झाला की २९ ग्रॅमचे १५ होतात आणि तिरक्या हालचालीतल्या ७ चे साडेतीन. शिवाय ओशट गोळा तळहाताचा मळ दुप्पट उत्साहाने गोळा करतो. ‘डब्ल्यूडी-४०’ या नावाचा फवारा यासाठी सर्रास वापरतात. या नावातला डब्ल्यूडी म्हणजे पाणी हटवणे, आणि ४० म्हणजे चाळिसावा प्रयत्न. १९५३ साली अमेरिकेत तो तयार झाला आणि प्रथम ‘ॲटलस’ क्षेपणास्त्राच्या पत्र्याला गंज चढू नये म्हणून वापरला गेला. त्यात उडून जाणारे द्रावक पुष्कळ आणि मागे राहणारे तेल थोडे असते. गंजलेला स्क्रू सोडवायला तो उत्तम. बेअरिंगमध्ये मात्र तो आतले ग्रीस पातळ करून बाहेर आणतो, आणि हे ग्रीस ओघळते ते नेमके रुळांवर व खाचांच्या चकतीवर.

मग ग्रीसच भरावे का? नवी बेअरिंगे बहुधा ग्रीस भरूनच येतात, कारण ती मुख्यतः मोटरींसाठी केलेली असतात. ग्रीस म्हणजे साबणाच्या सूक्ष्म जाळीत धरून ठेवलेले तेल. टूथपेस्ट आठवा: नळी उलटी धरली तरी ती ओघळत नाही, ठरावीक दाब दिला तरच बाहेर येते. ग्रीसही तसेच. ठरावीक बल लागू होईपर्यंत ते घनपदार्थासारखे वागते. मोटरीला या उंबरठ्याचे काहीच वाटत नाही. पण आपल्याकडे रुळाला फिरवायला ७ ग्रॅमचे बल आहे, आणि उंबरठा नेमका लहान हालचालींना अडवतो. पातळ तेलाचे तसे नाही. त्याचा विरोध वेगाच्या प्रमाणात असतो. हालचाल मंद, तर विरोधही जवळजवळ शून्य. म्हणून ट्रॅकबॉलच्या बेअरिंगला पातळ खनिज तेल, म्हणजे शिलाई मशिनचे तेल, सर्वांत योग्य. प्रत्येक बेअरिंगला एकच थेंब. अजिबात तेल नसलेले बेअरिंग काही दिवस फार सुरेख फिरते, पण त्याचे छर्रे आणि कड्या झिजतात, दमट हवेत गंजतात, आणि मग खरखर सुरू होते.

स्वयंपाकघरातले तेल का नको, हा प्रश्न मुले हमखास विचारतात. दाराच्या कुरकुरणाऱ्या बिजागरीला आपण खोबरेल लावतो आणि ते चालतेही. पण खोबरेल सुमारे २४ अंश सेल्सिअसला गोठते. पुण्या-नाशिकच्या हिवाळ्यात बाटलीत पांढरे झालेले खोबरेल कोणी पाहिले नाही? शेंगदाणा, करडई, जवस यांच्या तेलांत दुहेरी बंध असलेले रेणू असतात. ते हवेतला ऑक्सिजन घेतात, एकमेकांना जोडले जातात आणि तेल हळूहळू चिकट होत जाते. जवसाच्या तेलाचा हा गुण तैलरंगांत उपयोगी पडतो, कारण तिथे ते वाळून घट्ट व्हायलाच हवे असते. कढईच्या कडेला बाहेरून चढलेला तपकिरी चिकट थर म्हणजे याच क्रियेचा घरगुती नमुना. खनिज तेलातले हायड्रोकार्बन बहुतांशी संपृक्त असल्यामुळे ही भानगड करत नाहीत.

चकतीची साक्ष

रूळ किती फिरला हे मोजण्याचे काम खाचांची चकती करते. तिच्या एका बाजूला प्रकाश देणारा डायोड, दुसऱ्या बाजूला दोन प्रकाशग्राहक. चकती फिरली की खाच आणि दात आलटून पालटून मध्ये येतात आणि उजेड-अंधाराचे ठोके पडतात. एकच ग्राहक असता तर ठोके मोजता आले असते, पण दिशा कळली नसती. म्हणून दुसरा ग्राहक पहिल्यापासून एका ठोक्याच्या पाव भागाने सरकवून ठेवतात. एका दिशेने फिरताना पहिल्याला आधी उजेड दिसतो, उलट दिशेने फिरताना दुसऱ्याला. गल्लीच्या दोन खिडक्यांत दोघे बसले असतील, तर पालखी आधी कोणाला दिसली यावरून ती कुठल्या बाजूने आली ते कळते, तसेच हे.

दोहोंपैकी एका ग्राहकावर धूळ किंवा तेल बसले, तर तो सतत ‘अंधार’ अशी साक्ष देतो. मग मोजणाऱ्या मंडलाच्या रचनेनुसार खूण जागच्या जागी थरथरते, किंवा गोळा कुठल्याही बाजूला फिरवला तरी एकाच दिशेला सरकते. हे दिसले तर बेअरिंगांना हात लावण्याची गरज नाही. कोरड्या मऊ कुंचल्याने चकती आणि ग्राहक झटकावेत, तेलकटपणा असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीने पुसावेत.

लक्षणांवरून दोष ओळखण्याची ही रीत इतरत्रही चालते. गोळा सगळ्याच दिशांना जड, पण खूण बरोबर चालते: तिसरा टेकू पाहा. गोळा हलका, पण खूण मध्येच मागे राहते: रूळ ओशट आहेत किंवा त्या रुळाचे बेअरिंग जड आहे. एका दिशेला सरळ जाते, तिरके जात नाही: मघाची ७ ग्रॅमची गोष्ट.

प्रत्यक्ष साफसफाई

यंत्राची वीज बंद करून पिन काढल्याखेरीज काहीही उघडू नये. जुन्या यंत्रातल्या पडद्याची नळी सुमारे २०,००० व्होल्टवर चालते आणि वीज काढल्यावरही तिच्यात विद्युतभार राहू शकतो. ट्रॅकबॉलचे काम करताना तिच्या जवळपास हात नेण्याचे कारण नसते, आणि नेऊही नये.

उघडण्यापूर्वी एक चाचणी घ्या. गोळ्याला जोरात गिरकी देऊन हात उचला आणि तो किती सेकंदांत थांबतो ते मोजा. पुढे-मागे आणि डावीकडे-उजवीकडे, दोन्ही दिशांना तीन-तीन वेळा. आकडे लिहून ठेवा. मग डबा खोला, गोळा काढून कोमट साबणपाण्याने धुवा आणि पूर्ण कोरडा करा. थिनर किंवा ॲसिटोन लावू नये, प्लॅस्टिकच्या गोळ्याचा पृष्ठभाग कायमचा बिघडतो. रुळावरची कडी प्लॅस्टिकच्या पट्टीने किंवा लाकडी काडीने खरवडावी, उरलेला चिकटा अल्कोहोलने पुसावा. ब्लेड आणि पॉलिश-कागद दूर ठेवावा. एकदा ओरखडा पडला की त्याच खाचेत मळ दुप्पट वेगाने धरतो.

बेअरिंगे रुळांवरून काढून बोटावर एकेक फिरवून पाहावीत. पत्र्याच्या झाकणांची असतील, तर झाकणाच्या लहानशा कपचीने बंद केलेल्या वाटीत रॉकेल घेऊन त्यात बुडवावीत, हलवावीत आणि रॉकेल काळे झाले की बदलावे. चार-पाच पाण्यांनंतर ते स्वच्छ राहू लागते. हे काम मोकळ्या हवेत, शेगडी-निरांजनापासून लांब करावे. विद्यार्थी असतील तर शिक्षकांनी समोर उभे राहावे. पूर्ण वाळल्यावर शिलाई मशिनच्या तेलाचा एकच थेंब, तोही सुईच्या टोकाने. बाहेर आलेले तेल कापडाने टिपून घ्यावे. रबरी सीलची बेअरिंगे अशी धुता येत नाहीत. धुतल्यावरही जे बेअरिंग खरखरते, त्याचे छर्रे किंवा कड्या झिजलेल्या असतात, ते बदलावे. सायकल-पंख्याच्या दुरुस्तीत जुन्यावर भागवायची आपली सवय असते, पण सहांपैकी एक बेअरिंग खराब ठेवले तर बाकी पाचांवरची मेहनत वाया जाते.

ट्रॅकबॉलचे यंत्र आपल्याकडे सहज पाहायला मिळणार नाही, पण प्रयोगाला अडण्याचे कारण नाही. कोणत्याही सायकल-मोटरसायकलच्या दुकानातून एकाच आकाराची तीन लहान बेअरिंगे आणावीत. एक आहे तसे ग्रीससह ठेवावे, दुसरे धुऊन कोरडे, तिसरे धुऊन एक थेंब तेलाचे. तिन्ही पेन्सिलीवर घट्ट बसवून बाहेरच्या कडीला दोरा गुंडाळावा आणि दोऱ्याला कागदाची टोपली बांधून तीत एकेक ग्रॅमची वजने टाकत जावे. कडी किती वजनाला हलू लागते, ते पाहावे. ग्रीसचा उंबरठा इथे डोळ्यांना दिसतो. मग जोरात फिरवून थांबण्याचा वेळ मोजावा. आठवड्याने, आणि पुन्हा पावसाळ्यात, हीच मापे घ्यावीत. कोरड्या बेअरिंगचा पहिल्या दिवशीचा पहिला नंबर टिकतो का, हे मुलांनाच सांगू द्यावे.

आणखी एक ठिकाण सुचवतो. सोनोग्राफीच्या यंत्रांच्या कळफलकावर आजही पुष्कळदा ट्रॅकबॉल असतो. पडद्यावरच्या प्रतिमेत दोन बिंदूंमधले अंतर मोजताना डॉक्टर त्याच्यानेच खूण नेमक्या जागी नेतात. तिथे तळहाताच्या घामाऐवजी तपासणीचा जेल असतो, बाकी सगळे तेच. ते यंत्र अर्थातच आपण उघडायचे नाही. त्याची सफाई उत्पादकाच्या पुस्तिकेप्रमाणेच होते. पण ओळखीच्या डॉक्टरांना विचारता येईल, की गोळा जड झाला की खूण आडवी-उभी नीट जाते आणि तिरकी नेताना त्रास देते, असे कधी जाणवले आहे का?